वाचकांचे प्रश्न : भूल नेमकी कुठे काम करते?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी भूल आणि वेदना या विषयावर पाठवलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरे आमच्या भूलतज्ज्ञ सल्लागारांनी लिहिली आहेत.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. त्वचेत वेदना ओळखणारे ग्राही असतात आणि भुलीचे औषध ते बंद करते, असे पुस्तकी उत्तर मी नववीच्या वर्गात दिले. त्यावर एका मुलीने विचारले की, औषध ग्राहीवर जाऊन बसत असेल, तर कमरेत सुई दिल्यावर पायाचा अंगठा कसा बधिर होतो? तिला काय सांगावे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. कमरेतल्या सुईने अंगठा बधिर होतो, तेव्हा अंगठ्यातील ग्राही पूर्वीइतकेच जागे असतात. औषधाचा आणि त्यांचा संबंधही आलेला नसतो.

वेदना ओळखणाऱ्या चेतापेशींची टोके त्वचा, स्नायू, सांधे, दाताचा गर अशा ठिकाणी उघडी पसरलेली असतात आणि त्या टोकांच्या पेशीपटलात निरनिराळी ग्राही प्रथिने असतात. त्यांपैकी ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे ते टीआरपीव्ही-१. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता, आम्ल आणि मिरचीतले कॅप्सेसिन या तिन्हींमुळे हे प्रथिन उघडते आणि त्यातून सोडियम व कॅल्शियमचे धनभारित आयन पेशीत शिरतात. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने कॅप्सेसिनच्याच आधाराने १९९७ मध्ये त्याचा छडा लावला आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह विभागून मिळाले. उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरची कांडपाला नेणाऱ्या प्रत्येकाला हा ग्राही नाकाडोळ्यांतून चांगलाच परिचित आहे. (पक्ष्यांच्या शरीरातले हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची निवांत खाऊ शकतो.) मोहरीच्या झणझणीतपणाला प्रतिसाद देणारा टीआरपीए-१ हा याच कुळातला दुसरा ग्राही, त्याचे काम तिसऱ्या उत्तरात पडणार आहे.

ग्राही उघडल्याने चेतातंतूच्या टोकाशी विद्युतदाबात थोडासा बदल होतो, एवढेच. हा बदल पुरेसा मोठा असला, तर शेजारच्या सोडियम वाहिन्या, म्हणजे पेशीपटलातल्या सोडियमला आत सोडणाऱ्या वाटा, उघडतात, त्यांतून आत आलेल्या सोडियममुळे त्यांच्या पुढच्या वाहिन्या उघडतात आणि अशा रीतीने विद्युतबदलाची ही लाट, म्हणजेच स्पंद, मज्जारज्जूपर्यंत पोचतो. ऊस तुटल्यावर फडातले पाचट पेटवले, तर जळते पान शेजारचे पान पेटवत जाते आणि काडी एकाच कोपऱ्याला लावलेली असूनही जाळ दुसऱ्या बांधापर्यंत जातो. मध्ये पुरेशा रुंदीचा पट्टा झाडून मोकळा ठेवला, तर मात्र तो तिथेच विझतो. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन यांसारखी स्थानिक भुलीची औषधे हा मोकळा पट्टा तयार करतात. पट्टा रुंद असावा लागतो, हेही इथे तंतोतंत लागू पडते, कारण ज्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते, त्यांतला स्पंद अडवलेल्या एक-दोन टप्प्यांवरून उडी मारून पलीकडे जाऊ शकतो आणि म्हणून औषधाने तंतूची काही लांबी सलग भिजणे आवश्यक असते.

आता हे औषध वाहिनीला अडवते कसे, हा खरा रंजक भाग आहे. वाहिनीतली त्याची जागा बाहेरून सापडत नाही. ती पेशीच्या आतल्या बाजूने, वाहिनीच्या पोकळीत असते. पेशीपटल स्निग्ध असल्यामुळे विद्युतभार असलेला रेणू त्यातून जाऊ शकत नाही, तर भार नसलेला रेणू सहज जातो. लिग्नोकेनचा रेणू दोन्ही रूपांत असतो. भाररहित रूपात तो पटल ओलांडतो, आत गेल्यावर त्याला हायड्रोजनचा आयन चिकटून तो भारित होतो आणि मुख्यतः या भारित रूपात वाहिनीत जाऊन बसतो. वाहिनी मिटलेली असताना त्याला तिथे पोचणे अवघड जाते आणि ती वारंवार उघडत असेल, तर सोपे जाते. त्यामुळे जो तंतू त्या क्षणी जास्त स्पंद पाठवत असतो तोच जास्त अडवला जातो.

सगळे तंतू एकाच वेळी गप्प होत नाहीत. बोचल्याची तीव्र, नेमकी जाणीव वाहणारे ए-डेल्टा तंतू बारीक असतात आणि मागाहून येणारी ठसठस वाहणारे सी तंतू त्याहूनही बारीक असून त्यांतला स्पंद सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर चालतो. कमरेतल्या भुलीत गार-गरम आणि टोचल्याची जाणीव आधी जाते, स्पर्शाची नंतर जाते आणि पायांतली ताकद साधारणपणे शेवटी जाते. स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून भूलतज्ज्ञ "गार लागतंय का?" असे विचारतात, ते भूल कुठवर चढली हे पाहण्यासाठीच, आणि सिझेरियनच्या वेळी ओढल्यासारखे जाणवूनही दुखत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

स्थानिक भुलीचा इतिहासही वर्गात सांगण्याजोगा आहे. व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनच्या द्रावणाचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला; कमी धोक्याचे लिग्नोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये तयार केले.

प्रश्न : माझ्या दाढेत पू झाला होता. दंतवैद्यांनी दोनदा इंजेक्शन देऊनही दाढ बधिर झाली नाही, तेव्हा त्यांनी गोळ्या देऊन चार दिवसांनी बोलावले आणि त्या वेळी मात्र एकाच इंजेक्शनमध्ये काम झाले. पहिले औषध निकृष्ट होते का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : औषधाला दोष देण्याचे कारण दिसत नाही. वरच्या उत्तरातला भाररहित रेणू इथे पुन्हा लक्षात घ्यावा. निरोगी ऊतीचा पीएच (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ७.४ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला लिग्नोकेनचे सुमारे चौथाई रेणू भाररहित, म्हणजे पटल ओलांडण्यास योग्य असतात. पू झालेली जागा आम्लधर्मी होते. तिथला पीएच एका अंकाने उतरून ६.४ वर आला, तर हे प्रमाण तीन टक्क्यांवर येते. सिरिंजमधून तेवढेच औषध जाते, पण त्यातले बहुतेक चेतातंतूच्या बाहेरच अडकून पडते.

शिवाय सुजलेल्या जागी रक्तप्रवाह वाढलेला असल्याने औषध लवकर वाहून जाते आणि दाहातून निघणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या द्रव्यांमुळे ग्राही इतके हळवे झालेले असतात की एरवी ज्या स्पर्शाची दखलही घेतली गेली नसती, त्यानेही कळ येते. पू काढून किंवा औषधांनी दाह उतरवून मग दाढेला हात लावणे, अथवा सुजेपासून दूर, जबड्याच्या मागच्या बाजूला मुख्य चेतातंतूशी भूल देणे, हे दोन्ही मार्ग दंतवैद्य वापरतात. आपल्या दंतवैद्यांनी पहिला निवडला. दुसऱ्या इंजेक्शननंतर तिसरे, चौथे असे करीत न बसता त्यांनी थांबणे पसंत केले, हे माझ्या मते योग्यच झाले, कारण या औषधाची मात्रा वजनानुसार मर्यादित असते आणि ती ओलांडली, तर मेंदू व हृदय यांतल्या सोडियम वाहिन्याही अडवल्या जाऊ शकतात.

त्याच पत्रात आपण लवंगेच्या तेलाबद्दल विचारले आहे. त्यातले युजेनॉल टीआरपीव्ही-१ ला आधी चेतवते आणि सोडियम वाहिन्यांनाही अडवते, म्हणून प्रथम झोंबते व मग बधिर वाटते. दंतवैद्यांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही ते झिंक ऑक्साइडबरोबर असते. तेलाने पू मात्र जात नाही.

प्रश्न : वेदना घालवण्याचे इंजेक्शनच इतके का झोंबते? माझ्या हाताच्या शिरेत पांढरे औषध सोडले, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत आग झाली आणि पुढचे काही आठवत नाही.
— एक वाचक, वाई

उत्तर : ते पांढरे औषध प्रोपोफॉल असावे. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे सोयाबीनचे तेल आणि अंड्यातले लेसिथिन यांच्या मिश्रणात दिले जाते, म्हणून ते दुधासारखे दिसते. शुद्ध हरपवणारे हे औषध शिरेच्या भिंतीतल्या वेदनातंतूंवरील टीआरपीए-१ ग्राहीला उघडते, असे २००८ मध्ये दिसून आले. मोहरीने जो ग्राही चेततो, तोच हा. श्वासावाटे देण्याच्या आयसोफ्लुरेन व डेसफ्लुरेन या औषधांनीही तो उघडतो आणि त्यांनी घशात खवखव होते, तर सेव्होफ्लुरेनने तो उघडत नाही. लहान मुलांना मास्क लावून झोपवताना सेव्होफ्लुरेन निवडले जाते, त्यात या फरकाचाही वाटा आहे.

लिग्नोकेनचेही तसेच आहे. टिकावे म्हणून त्याचे द्रावण आम्लधर्मी ठेवलेले असते, ॲड्रेनलिन मिसळलेले तर अधिकच, आणि खुद्द लिग्नोकेनचा रेणूही टीआरपीव्ही-१ ला चेतवू शकतो. म्हणजे वेदना थांबवायला आलेले औषध वाटेत वेदनेच्या ग्राहीलाच डिवचून जाते. द्रावण कोमट करून, त्यात थोडे सोडियम बायकार्बोनेट मिसळून आणि सावकाश टोचले, तर झोंबणे कमी होते. प्रोपोफॉलच्या आधी शिरेत थोडे लिग्नोकेन देण्याचा प्रघातही त्यासाठीच आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सावकाश टोचण्याइतकी सवड नसते, हे खरे असले, तरी रुग्णाने तशी विनंती करण्यात काहीही वावगे नाही.

या डिवचण्याचा उलटा उपयोग करून घेणारा एक सुंदर प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्यूएक्स-३१४ हा लिग्नोकेनचा कायम भारित असलेला भाऊबंद आहे. तो पटल ओलांडू शकत नाही, म्हणून बाहेरून दिल्यास निरुपयोगी ठरतो. हार्वर्डमधील संशोधकांनी तो कॅप्सेसिनबरोबर उंदरांना टोचला. कॅप्सेसिनने फक्त वेदनातंतूंवरील टीआरपीव्ही-१ उघडले, त्या उघड्या वाटेने क्यूएक्स-३१४ फक्त त्याच तंतूंत शिरले आणि उंदरांची वेदना गेली, पण पायाची हालचाल शाबूत राहिली. माणसांसाठी ही पद्धत अजून रूढ झालेली नाही. कॅप्सेसिनची सुरुवातीची आग कशी टाळायची, ही त्यातली उघड अडचण आहे.

प्रश्न : हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी मला "पूर्वी कधी विंचू चावला होता का?" असे विचारले. आमच्या भागात दगडाखालून विंचू निघणे नेहमीचेच, त्यामुळे दोनदा चावल्याचे मी सांगितले. पण याचा भुलीशी काय संबंध?
— एक शेतकरी, जत

उत्तर : हा प्रश्न आपल्याकडचे भूलतज्ज्ञ आवर्जून विचारतात. ज्यांना विंचवाने एकाहून अधिक वेळा दंश केला आहे, अशा काही रुग्णांना कमरेतली किंवा स्थानिक भूल नीट चढली नाही, असे अनुभव भारतीय भूलतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत.

संबंध सुचतो तो सोडियम वाहिनीमुळे. लिग्नोकेन ज्या वाहिनीला अडवते, तिच्यावरच विंचवाच्या विषातली काही प्रथिने काम करतात. फरक एवढाच की ती वाहिनीला मिटू देत नाहीत. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषात याखेरीज पोटॅशियमच्या काही वाहिन्यांना अडवणारे आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिनही असते. परिणामी चेतातंतू स्पंदांमागून स्पंद पाठवत राहतात, दंशाच्या जागी असह्य कळा येतात आणि गंभीर दंशात रक्तात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येऊन हृदय व फुप्फुसे संकटात सापडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या संकटावर जो उपाय रूढ केला, त्याने असंख्य जीव वाचले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

दंशाने वाहिनीत किंवा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत कायमचा काही बदल होऊन पुढे वर्षानुवर्षे भूल चढत नाही, ही मात्र अजून कल्पनाच आहे. नोंदी मोजक्या रुग्णांच्या आहेत आणि कमरेतली भूल अपुरी पडण्याला इतर कारणेही असतात: सुईचे टोक किंचित सरकणे, औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पूर्ण न पोचणे, मात्रा कमी पडणे. ज्या तालुक्यात निम्म्या गावाला विंचू चावलेला असेल, तिथे भूल न चढलेल्या माणसाच्या पूर्वेतिहासातही विंचू सापडणारच, हेही ध्यानात ठेवावे लागते. माझे मत विचाराल, तर ही कल्पना सिद्ध झाल्यासारखी सांगू नये, पण प्रश्न विचारत राहावा. उत्तर होकारार्थी आले, तर भूलतज्ज्ञ पर्यायी भुलीची तयारी हाताशी ठेवतात आणि त्यात रुग्णाचे नुकसान काहीच नाही.

एक अनुषंगाने सांगतो. विंचू चावल्यावर दंशाच्या जागी दिलेल्या लिग्नोकेनने कळा तात्पुरत्या थांबतात, परंतु विष त्यामुळे उतरत नाही. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय किंवा धाप ही लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलांत, तर कळा थांबल्या तरी रुग्णालय गाठलेच पाहिजे.

प्रश्न : आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये तिला पूर्ण भूल दिली होती. कागदांवर झोपेच्या औषधाशिवाय फेंटानिल हे वेदनाशामकही लिहिलेले दिसले. माणूस बेशुद्धच असेल, तर वेदनाशामक कशाला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कारण बेशुद्धी आणि वेदनेचा अटकाव ही दोन निराळी कामे आहेत आणि ती बहुधा निराळ्या ग्राहींमार्फत होतात. प्रोपोफॉल मेंदूतील गाबा-ए या ग्राहीला चिकटते. मेंदूतल्या पेशींना शांत करणे हे या ग्राहीचे नेहमीचेच काम आहे आणि औषधामुळे त्यातून क्लोराइडचे ऋणभारित आयन अधिक प्रमाणात आत येऊन पेशी प्रतिसाद देईनाशा होतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या या ग्राहीतील फक्त एक अमिनो आम्ल बदलले, तेव्हा एरवी पुरेशा ठरणाऱ्या मात्रेतले प्रोपोफॉल देऊनही चिमट्याला पाय ओढून घेण्याची त्यांची प्रतिक्रिया थांबेना.

एक काळ असा होता की बेशुद्ध करणारी औषधे कोणत्याही विशिष्ट ग्राहीवर काम करतात, हेच मान्य नव्हते. हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हर्टन यांनी १९०० च्या सुमारास दाखवले होते की औषध तेलात जितके जास्त विरघळते तितके ते प्रभावी असते. त्यावरून ती पेशीपटलाच्या स्निग्ध थरात घुसून काम करीत असावीत, असा समज अनेक दशके टिकला. निक फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी १९८४ मध्ये काजव्याला प्रकाश देणारे ल्युसिफरेज हे प्रथिन घेतले, ज्यात स्निग्ध पदार्थाचा लवलेशही नव्हता, आणि भुलीच्या औषधांनी त्याचे काम बंद पडते, तेही माणसाला झोपवणाऱ्या प्रमाणांतच, हे दाखवून दिले. तेव्हापासून शोधाची दिशा प्रथिनांकडे वळली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. आईंचा मेंदू झोपलेला असताना पोटातले वेदनाग्राही काम करीतच असतात आणि त्यांचे स्पंद मज्जारज्जूत पोचतच असतात. वेदना जाणवायला जागे कोणी नसते, पण नाडी धावते, रक्तदाब चढतो आणि मज्जारज्जूतल्या पेशी या भडिमाराने हळव्या होऊन जाग आल्यावरचे दुखणे वाढू शकते. फेंटानिल म्यू या ओपिऑइड (अफूच्या वर्गातल्या औषधांच्या) ग्राहीवर बसते. त्यामुळे वेदनातंतूच्या मज्जारज्जूतील टोकाशी कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात, पुढच्या पेशीतल्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जाणेच मंदावते. केटामिन हे आणखी वेगळे आहे: ते एनएमडीए या उत्तेजक ग्राहीला अडवते, झोप आणि वेदनाशमन दोन्ही देते आणि सामान्य मात्रेत श्वासही बहुधा चालू ठेवते, म्हणून निखळलेला खांदा बसवण्यासारख्या झटपट कामांत ते आजही उपयोगी पडते.

प्रश्न : संधिवाताने मी त्रासले आहे. वेदनेचे ग्राही कायमचेच बंद करून टाकता येणार नाहीत का?
— एक ज्येष्ठ वाचक, विटा

उत्तर : निसर्गाने तसे करून पाहिलेले आहे. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांतल्या मुलांना जन्मतः वेदनाच जाणवत नव्हती. त्यांपैकी एक मुलगा रस्त्यावर हातांतून सुऱ्या आरपार घालून दाखवीत असे आणि निखाऱ्यांवरून चालत असे. छपरावरून उडी मारल्याने तो वयाची १४ वर्षे पूर्ण होण्याआधीच गेला. २००६ मध्ये संशोधकांनी दाखवले की या मुलांमध्ये एनएव्ही-१.७ ही एकच सोडियम वाहिनी निकामी होती. त्यांचा स्पर्श, हालचाल, बुद्धी सगळे ठीक होते.

टीआरपीव्ही-१ ला अडवणारी औषधेही माणसांवर तपासली गेली, पण त्यांपैकी काहींनी शरीराचे तापमान वाढले, कारण हा ग्राही शरीराच्या तापमान-नियमनातही भाग घेतो, आणि काहींनी गरम पदार्थ भाजतो आहे, हे कळेनासे झाले.

जवळपास फक्त वेदनातंतूंतच आढळणाऱ्या एनएव्ही-१.८ या सोडियम वाहिनीला अडवणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. मंजुरी प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, पण अल्पकालीन वेदनेपुरती आहे. संधिवातासारख्या जुनाट दुखण्यासाठी ती नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर घेतलेल्या चाचण्यांत ही गोळी औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, परंतु पॅरासिटामॉल आणि हायड्रोकोडोन या ओपिऑइडच्या एकत्रित गोळीपेक्षा सरस ठरू शकली नाही. तूर्त सांधेदुखीसाठी आपले डॉक्टर जी औषधे देत आहेत, त्यांत परस्पर बदल करू नये.